पाच सिम, एक घर आणि वर्षभराच्या रिचार्जचा हिशोब

आमच्या घरात माणसं चार आणि सिम पाच. पाचवं सिम वावरातल्या मोटरच्या स्टार्टरमध्ये आहे, त्याचं पुढं सांगतो कारण सगळ्यात जास्त डोकं त्याच्यातच गेलं. गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवडा तालुक्यातलं, पऱ्हाटी म्हणजे कापूस, तूर, थोडं सोयाबीन, हिवाळ्यात चना. २०२५ च्या दिवाळीत घरात बसून वहीवर लिहून काढलं की वर्षभरात रिचार्जवर किती गेले, तर आकडा आला १७,४८५ रुपये. मी दोनदा बेरीज केली. माझे २९९ चे तेरा, बायकोचे २९९ चे तेरा, पोरगा नागपूरला शिकते त्याचे ३४९ चे तेरा, आईचे १९९ चे तेरा आणि मोटरचे १९९ चे तेरा. तेरा काऊन, तर पॅक २८ दिवसाचा असते, महिन्याचा नाही, २८ गुणिले १३ म्हणजे ३६४, वर्षात बारा महिने पण रिचार्ज तेरा. हे मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि वहीवर पाहणं वेगळं.

मग मी ठरवलं की नीट बसून सगळ्या कंपन्यांचे पॅक बघायचे. हे भाव २०२५ च्या दिवाळीच्या सुमाराचे आहेत, तुम्ही वाचाल तेव्हा बदललेले असू शकतात म्हणून रिचार्ज मारण्याआधी एकदा कंपनीच्या अ‍ॅपवर बघून घ्या, पण हिशोब करायची पद्धत तीच राहील.

आधी थोडं मागचं. जुन्या दिवसात दहाचं टॉपअप मारलं की महिना दोन महिने फोन चालायचा, येणारे फोन फुकटच. २०१८ च्या शेवटी ते ३५ रुपयाचं रिचार्ज आलं, २८ दिवसाचं, नाही मारलं तर येणारा फोन पण बंद. मग ते ७९ झालं, ९९ झालं, १५५ झालं, आणि जुलै २०२४ मध्ये जिओ, एअरटेल, व्ही (व्होडाफोन-आयडिया) तिघांनी एकाच आठवड्यात भाव वाढवले तेव्हापासून १९९. जिओचा २३९ वाला २९९ झाला, ८४ दिवसाचा ६६६ वाला ७९९ झाला, वर्षाचा २९९९ वाला ३५९९ झाला. त्या महिन्यात बीएसएनएलनी भाव वाढवले नाहीत आणि ट्राय म्हणजे मोबाईल कंपन्यांवर देखरेख करणारी जी सरकारी संस्था आहे तिच्या आकड्यात दिसते की त्या एका महिन्यात त्यांच्याकडं २९ लाखाच्या वर ग्राहक वाढले. आमच्या गावातून पण गेले बरेच जण.

आता पहिली गोष्ट, जी कोणताच पॅकचा तक्ता सांगत नाही. जीबी नंतर बघा, आधी तुमच्या वावरात नेटवर्क कोणाचं येते ते बघा. मी यासाठी तीन शेजाऱ्यांचे फोन मागून घेतले, तीन वेगळ्या कंपन्यांचे, आणि चार ठिकाणी फिरलो. घराची ओसरी, विहिरीजवळ, रस्त्यावरचा बसथांबा आणि बाजाराच्या दिवशी बाजारात. नुसत्या नेटवर्कच्या कांड्या नाही बघितल्या, प्रत्येक ठिकाणाहून फोन लावून दोन मिनिट बोललो. संध्याकाळी सातला परत केलं कारण त्या टायमाला सगळं गाव मोबाईलवर असते आणि नेट एकदम मंदावते. आणि लाईन म्हणजे वीज गेल्यावर पण पाहिलं. हे फार महत्त्वाचं आहे, आमच्याकडं लाईन गेली की एका टॉवरची बॅटरी अर्ध्या तासात मान टाकते आणि दुसऱ्याची दोन-तीन तास टिकते. ज्या कंपनीचा फोन ओसरीत चार कांड्या दाखवत होता तिचा विहिरीजवळ फोन लागलाच नाही, आणि जी ओसरीत दोन कांड्यावर होती ती वावराच्या धुऱ्यापर्यंत चांगली चालली. कंपनीचं नाव मुद्दाम नाही सांगत कारण तुमच्या गावात उलटं असू शकते, टॉवर कुठं उभा आहे त्यावर सगळं आहे. पाटणबोरीच्या बाजूला गेलं की फोन तेलंगणाचं नेटवर्क पकडते, तिथं तर अजून वेगळा खेळ, पण रोमिंगचे जादा पैसे आता लागत नाहीत म्हणून त्याची काळजी नको.

आता मोटरचं सिम. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मोबाईल स्टार्टर म्हणजे मोटरच्या पेटीजवळ एक डबा बसवतात, त्यात सिम असते, आपण त्या नंबरवर फोन लावला की मोटर चालू, परत लावून बटण दाबलं की बंद, लाईन आहे का नाही ते पण सांगते. शेतीची लाईन काही दिवस दिवसा असते आणि काही दिवस रात्री. टिपेश्वरचं जंगल आमच्यापासून लांब नाही, वाघाचे पगमार्क नाल्यात आम्ही स्वतः पाहिलेले आहेत, रानडुक्कर तर रोजचंच, आणि चन्याला पाणी द्यायच्या दिवसात रात्री दोनला बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं म्हणजे घरच्यांचा जीव टांगणीला. हा डबा बसवल्यापासून माझी आई रात्री झोपते, एवढंच सांगतो. म्हणून या सिमचं रिचार्ज संपणं आम्हाला परवडत नाही.

आमचा डबा जुना आहे, तो टूजीवर चालते. बाजारात असे खूप आहेत. जिओचं टूजी नाहीच, त्यांचं नेटवर्क सुरूच झालं फोरजीपासून, म्हणून जिओचं सिम या डब्यात चालत नाही. आमच्या गावातल्या एकानं स्वस्त पडते म्हणून ते सिम घालून पाहिलं आणि डबा खराब झाला समजून तालुक्याला दुरुस्तीला घेऊन गेला, गाडीभाडं गेलं आणि दिवस गेला. तुमचा डबा फोरजीचा असेल तर कोणतंही सिम चालू शकते, डब्यावर किंवा पावतीवर लिहिलेलं असते, विकत घेतानाच विचारून घ्या. टूजीवाल्यासाठी एअरटेल, व्ही किंवा बीएसएनएल, या तिघांपैकी ज्याचं नेटवर्क विहिरीजवळ येते ते.

आणि या सिमला नेट लागत नाही. एक केबी पण नाही. तरी मी वर्षभर १९९ चा पॅक मारत होतो ज्यात २ जीबी नेट आहे. आईचं पण तसंच, तिच्याकडं बटणाचा फोन, त्यात नेट उघडतच नाही, तिच्या पण तेरा रिचार्जमध्ये २६ जीबीचे पैसे भरले आम्ही आणि एक जीबी वापरली नाही. आईला मी विचारलं की तुला फोनमध्ये काय काय पाहिजे, तर ती म्हणे, "मले काय लागते बापू, पोरीचा फोन आला पाह्यजे, अन् माहा आवाज तिले गेला पाह्यजे, बस." तिच्यासाठी याच्याहून चांगली यादी कोणी लिहून देऊ शकत नाही.

अशा लोकांसाठीच ट्रायनी डिसेंबर २०२४ मध्ये नियम केला की कंपन्यांनी नुसत्या कॉल आणि एसएमएसचा पॅक वेगळा ठेवलाच पाहिजे, आणि अशा पॅकची मुदत आधी ९० दिवसाच्या वर नेता येत नव्हती ती ३६५ दिवसापर्यंत नेली. जानेवारी २०२५ मध्ये ते पॅक आले. एअरटेलचा ८४ दिवसाचा ४६९ आणि वर्षाचा १८४९. व्हीचा ८४ दिवसाचा ४७० आणि वर्षाचा १८४९. जिओचा ८४ दिवसाचा ४४८ आणि ३३६ दिवसाचा १७४८. कॉल सगळ्यात अमर्याद आहेत. मी दहा महिने हे पॅक माहीत नसल्यानं १९९ मारत राहिलो. दुकानात गेलं की तिथला पोरगा म्हणणार "काका हा घ्या, मस्त आहे, नेट पण भेटते", नेट नसलेला पॅक तो स्वतःहून दाखवत नाही. तुम्ही तोंडानं सांगा, "नुसता बोलायचा पॅक दे, नेट नको."

इथं एक जागा आहे जिथं फसायला होते. १७४८ आणि १८४९ शेजारी ठेवले तर १०१ रुपये स्वस्त वाटते पहिला. पण तो ३३६ दिवसाचा आहे, अकरा महिन्याचा. दिवसाचा भाव काढा: १७४८ भागिले ३३६, ५ रुपये २० पैसे. १८४९ भागिले ३६५, ५ रुपये ७ पैसे. म्हणजे महाग दिसणारा स्वस्त आहे. आणि १९९ वाला? दिवसाला ७ रुपये ११ पैसे. मी सगळ्या पॅकचा असाच दिवसाचा भाव काढला, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर, पैसे भागिले दिवस, बाकी काही नाही. "तीन महिन्याचा" म्हणून जो विकतात तो ८४ दिवसाचा असते, चार वेळा मारला तरी वर्षाला २९ दिवस कमी पडतात, हे पण वहीत लिहून ठेवा. ज्याला दर महिन्याच्या त्याच तारखेला रिचार्ज करायचं असेल त्याच्यासाठी असा एक पॅक आणि ३० दिवसाचा एक पॅक प्रत्येक कंपनीनं ठेवायचा हा पण ट्रायचाच नियम आहे २०२२ पासून, पण मी बघितलं तर ते पॅक दिवसाच्या भावात काही स्वस्त पडत नाहीत, पगारदार माणसाला बरे.

माझं आणि बायकोचं. आमचे दोघांचे स्मार्टफोन, दोघंही जिओवर, २९९ मध्ये रोज दीड जीबी. फोनच्या सेटिंगमध्ये डेटा वापर बघितला तर माझा रोजचा अर्धा-पाऊण जीबी, हवामान, बाजारभाव, व्हाट्सअ‍ॅप आणि रात्री थोडे व्हिडिओ. मग मी ठरवलं की दोघात एकच नेट पुरते, बायकोला ४४८ चा नुसता बोलायचा पॅक मारू आणि तिनं माझ्या हॉटस्पॉटवर चालवावं. वहीवर हिशोब एकदम सुंदर दिसत होता. तिनं तीन दिवस चालवलं आणि चौथ्या दिवशी म्हणाली, "तुमी वावरात गेले का माहं नेट बी वावरात जाते." खरं होतं. तिच्या बचत गटाचा ग्रुप आहे, मीटिंगचे फोटो टाकायचे असतात, लाडकी बहीणच्या ई-केवायसीचं काम तिनं स्वतः मोबाईलवर बसून केलं आणि वस्तीतल्या सहा-सात जणींचं करून दिलं. मी घरातल्या कर्त्या बाईचं नेट कापून पैसे वाचवत होतो, ते चूक होतं आणि मी ते तिथंच थांबवलं. दोघांना ७९९ वाला ८४ दिवसाचा, दीड जीबी रोज. दिवसाला ९ रुपये ५१ पैसे, २९९ मध्ये तोच दीड जीबी १० रुपये ६८ पैशाला पडते. व्ही आणि एअरटेलमध्ये याच्यासारखा ८४ दिवसाचा ८५९ ला आहे, ज्यांचं नेटवर्क तिकडं चांगलं त्यांनी तोच घ्यावा, साठ रुपयासाठी फोन न लागणारं सिम घेऊ नये.

पोराचं वेगळं आहे. नागपूरला फाईव्हजी आहे, त्याचा फोन पण फाईव्हजीचा, आणि जिओमध्ये अमर्याद फाईव्हजी फक्त रोज २ जीबी किंवा त्याच्यावरच्या पॅकवर मिळते, हा बदल पण जुलै २०२४ चाच. म्हणून त्याला दीड जीबीवर आणणं म्हणजे शिकणाऱ्या पोराचा घास काढणं. पण ३४९ चा २८ दिवसाचा सोडून ८५९ चा ८४ दिवसाचा मारला तर तेच २ जीबी आणि तेच फाईव्हजी, १२ रुपये ४६ पैशाचं १० रुपये २३ पैशावर येते. वर्षाला आठशे रुपये. त्याला सांगितलं तर म्हणे, "बाबा, हे मला आधी का नाही सांगितलं?" उलट खेड्यात जिथं फाईव्हजीचा टॉवरच नाही तिथं फाईव्हजीच्या नावानं मोठा पॅक मारू नका, त्याचा एक पैशाचा उपयोग नाही.

जिओभारतचा जो बटणाचा फोरजी फोन आहे त्याचा १२३ चा पॅक २८ दिवसाला १४ जीबी देते, दिवसाला चार रुपये चाळीस पैशाच्या खाली. भावात याला तोड नाही आणि ज्या घरात नवीन फोन घ्यायचाच आहे तिथं नक्की विचार करावा. फक्त एवढं लक्षात ठेवा की त्या फोनात दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नाही आणि तो पॅक दुसऱ्या फोनात चालत नाही. आईला दाखवला, तिनं हातात घेऊन बटणं दाबून पाहिली आणि परत दिला, तिला तिच्या जुन्या फोनची बटणं बोटाला पाठ आहेत. नाही बदलला. बीएसएनएलचं म्हणाल तर त्यांचे पॅक आजही बाकीच्यांपेक्षा हलके आहेत आणि २७ सप्टेंबर २०२५ ला त्यांचं देशी बनावटीचं फोरजी देशभर सुरू झालं, साडेसत्त्याण्णव हजार टॉवर. तुमच्या गावाच्या टॉवरवर ते लागलं असेल तर मी वर सांगितलं तसं चार ठिकाणी फिरून आधी त्यांचंच बघा.

कंपनी बदलायची असेल तर पोर्ट करणं सोपं आहे, पण टाईम साधावा लागते. PORT हा शब्द इंग्रजीत लिहून जागा सोडून आपला नंबर टाकायचा आणि १९०० वर एसएमएस पाठवायचा, कोड येते, तो चार दिवस चालते, तेवढ्यात नवीन कंपनीच्या दुकानात आधार घेऊन जायचं. तिथं तीन दिवसात काम होते, सुट्ट्या धरू नका. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले पाहिजेत. सिम हरवून नवीन काढलं असेल तर सात दिवस थांबावं लागते. आणि जुन्या पॅकचे उरलेले दिवस सोबत येत नाहीत. माझ्या चुलतभावानं पॅकचे पन्नास दिवस बाकी असताना पोर्ट केलं, ते सगळे पाण्यात गेले. पॅक संपायला आठवडा राहिला की मग एसएमएस करा.

पण पोर्टच्या गडबडीत किंवा रिचार्जच्या आळसात नंबर बंद पडू देऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. रिचार्ज संपलं की आधी जाणारा फोन बंद होते आणि काही दिवसात येणारे फोन आणि मेसेज पण. आणि आज कास्तकाराचं सगळं ओटीपीवर आहे. २०२५ च्या हंगामात सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर कपास किसान अ‍ॅपवर नोंदणी, तिथं ओटीपी. पीएम किसान, महाडीबीटी, पीकविमा, लाडकी बहीण, सगळीकडं आधारला जोडलेला नंबर. आमच्या गावातल्या एका म्हाताऱ्या बाईचा नंबर आठ महिने रिचार्ज नसल्यानं बंद झाला, आता तो नंबर कोण्या दुसऱ्याच माणसाकडं आहे, आणि ती आधारवर नंबर बदलायला दोन वेळा तालुक्याला जाऊन आली. दोन रोजाची मजुरी गेली. ज्या सिमवर आधार आणि बँक आहे त्याला सगळ्यात आधी पैसे.

मोटरच्या सिमवर आधार नाही, बँक नाही. म्हणून त्याचं आम्ही वर्षाचं नाही मारत. अर्ध्या ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत एवढंच पाणी द्यायचं काम, ४६९ चे दोन, १६८ दिवस, ९३८ रुपयात भागते. पुढच्या हंगामाला नंबर बंद झालेला असला तर नवीन सिम घालून डब्यात माझा नंबर परत नोंदवायचा, दहा मिनिटाचं काम आहे.

आता जे मला हिशोब करताना खटकलं ते. वर्षाचा पॅक स्वस्त आहे, पण एकदम १८४९ काढून देणारा कोण? जो माणूस रोजानं निंदायला, कापूस वेचायला जाते त्याच्या हातात बाजाराच्या दिवशी आठवड्याचे पैसे येतात, त्यातून किराणा, त्यातून औषध, तो २८ दिवसाचाच मारणार. म्हणजे ज्याच्याजवळ कमी पैसे तो वर्षाला २,५८७ देते आणि ज्याच्याजवळ जास्त तो तेच काम १,८४९ मध्ये करते. ७३८ रुपयाचा फरक, आणि तो फरक गरिबाच्या खिशातून जाते. यावर बायकोनं जो रस्ता काढला तो मला सगळ्यात आवडला. तिच्या गटातल्या तिघींनी गटातून १८४९ ची उचल घेतली, दोन टक्के महिना व्याजानं, बारा हप्त्यात फेड. व्याज सगळं मिळून २४० च्या आसपास होते, ते जाऊनही पाचशे रुपये वर्षाचे वाचतात, आणि व्याज पण गटातच राहते, बाहेर जात नाही. तुमच्या गावात गट असेल तर हे नक्की मांडून बघा मीटिंगमध्ये.

तर आमची नवीन बेरीज. माझे ३,४७२, बायकोचे ३,४७२, पोराचे ३,७३३, आईचे १,८४९, मोटरचे ९३८. एकूण १३,४६४. आधीच्या १७,४८५ मधून ४,०२१ वाचले, कोणाचं नेट न कापता आणि कोणाचा फोन बंद न ठेवता. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव क्विंटलला ८,११० होता, म्हणजे जवळजवळ अर्धा क्विंटल कापूस घरात राहिला.

एकच बदल अजून करतो आहे. बायकोचा ८४ दिवसाचा पॅक आता मारला तर तिसरा संपते तो ऐन पेरणीनंतर, जुलैमध्ये, जेव्हा घरात खताला पैसे नसतात. म्हणून तिला सीसीआयचे पैसे खात्यात आले की ३५९९ चा वर्षाचा मारून देणार, अडीच जीबी रोज, वर्षाला १२७ रुपये जास्त पडतात. ते १२७ मी समजून देतो आहे. तिनं तारीख कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवली आहे, माझ्या भरवशावर नाही सोडली.